कच्च्या टाक्यातली नावं

नाव कमावण्यासाठी धडपडणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, नाव घालवणारी त्याहून जास्त पाहिली. पण नाव निवडण्यातच दीड वर्ष घालवणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमचे बंगळूरचे घरमालक. बरं, नाव निवडायचं होतं ते नातवंडाचं नाही, दुकानाचं नाही, घरावरच्या पाटीचंही नाही. स्वतःचंच. साठी उलटलेल्या, गळ्यात इंचटेप आणि कानावर खडू घेऊन वावरणाऱ्या या गृहस्थांना टोपणनाव हवं होतं, आणि ते असं हवं होतं की खांद्यात आवळणार नाही आणि पोटावर सुटणार नाही.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी पुण्याहून बंगळूरजवळच्या बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरीला गेलो आणि कॉटनपेटेतल्या एका बोळात त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत राहू लागलो. खाली त्यांचं शिंप्याचं दुकान, मधल्या मजल्यावर ते दोघं नवरा-बायको, वर मी. त्यांचे पूर्वज कुठल्याशा मराठी फौजेबरोबर दक्षिणेत आले होते. कोणती फौज, कोणती लढाई, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. परत जायचं राहून गेलं एवढं मात्र नक्की होतं. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, मी काय खातो-पितो हेही विचारलं नाही. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. पिशवी त्या बाजूला घेता काय?" मी म्हटलं, घेतो. "सरी," ते म्हणाले, "खोली तुमची. पिशवी स्वल्प उजवीकडं पण घेत जावा." त्या दिवसापासून सगळा बोळ म्हणायचा तसं मीही त्यांना अण्णा म्हणू लागलो, त्यांच्या बायकोला अक्का, आणि ती दोघं मला धाकट्या भावाला म्हणतात तसं तम्मा.

अण्णांचं सगळं आयुष्य एका तत्त्वावर उभं होतं, आणि ते म्हणजे ट्रायल. कापड आधी कच्च्या टाक्यावर जोडायचं, गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून बघायचं, आणि मगच पक्की शिलाई घालायची. शिंप्याच्या धंद्यात यात नवल काहीच नाही. पण अण्णा हा नियम दुकानाबाहेरही चालवत. घरात नवं घड्याळ आलं, तर ते आठ दिवस दोऱ्याने खिडकीला टांगलेलं असे. त्याचा स्वभाव कळल्यावरच भिंतीत खिळा मारला जाई. कवळी बसवायला गेले तेव्हा त्यांनी दातांच्या डॉक्टरांना सांगितलं, "आठ दिवस कच्चीच बसवा. जेवून बघतो, हसून बघतो, घरात एकदा भांडून बघतो, मग पक्की करू." डॉक्टरांनी कवळी अशी पक्की करायची नसते, रोज काढायचीच असते, हे समजावल्यावर ते फार निराश झाले. जी वस्तू कायम कच्चीच राहणार तिची ट्रायल कसली, असं त्यांचं म्हणणं पडलं.

तर हे अण्णा लिहीत असत. हे मला सहा महिन्यांनी कळलं, आणि तेही माझ्या सदऱ्यासाठी त्यांनी जुने खाकी कागदाचे नमुने काढले म्हणून. नमुन्याच्या पाठीवर बारीक अक्षरात ओळीच ओळी. हिंदीच्या शाळेत शिकल्यामुळे देवनागरी त्यांना येत होती, आणि तिच्यात ते आपल्या घरचं मराठी लिहीत. कागदाच्या आकाराप्रमाणे मजकूर असे. कॉलरवर चार-दोन ओळींचे विचार, खिशावर एखादं गिऱ्हाईक, बाहीवर बोळातली भांडणं, आणि काही लांबलचक सांगायचं असेल तर पँटचा पाय. मांडीपाशी गोष्ट ऐसपैस सुरू होई आणि घोट्याकडे येईतो दोन-दोन शब्दांच्या ओळीत संपे. मी एक बाही वाचली आणि हसू आवरेना. इतकं जिवंत लिहिणारा माणूस माझ्या दोन मजले खाली काजं करत बसला होता. "हे कुणाला दाखवलंत का?" मी विचारलं. अण्णांनी बाही माझ्या हातातून काढून घेतली आणि गुंडाळून ठेवली.

कारण पुढे कधीतरी कळलं. विशीत असताना ते पुण्याला एका लग्नाला गेले होते. पंगतीत वाढप्याला म्हणाले, "स्वल्प भात घाला." इथे बंगळुरात हा शब्द रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी, तिथे मात्र अख्खी पंगत हसली. कुणीतरी विचारलं, "पाहुणे कीर्तनकार काय?" आणि लग्नघरात दोन दिवस त्यांचं नाव स्वल्पराव पडलं. गंमत म्हणूनच असेल ते. पण माणूस चाळीस वर्षं ती पंगत विसरला नव्हता. बंगळुरातल्या मराठी मंडळींच्या गणपतीलाही ते मागच्या रांगेत बसत आणि कुणी बोलायला आलं की कन्नडमध्ये शिरत. "आमचं मराठी घरात घालायचं कापड, तम्मा," ते मला म्हणाले, "बाहेर घालून गेलं की लोक बघतात."

त्यांना इंटरनेटचं सांगितलं ते मीच. आमच्या कारखान्यात एका संगणकाला नवीनच जोडणी आली होती, आणि देशोदेशीच्या मराठी माणसांची एक ईमेलची यादी होती तिच्यावर मी जेवणाच्या सुट्टीत जात असे. कुणी कविता पाठवी, कुणी आठवणी, सगळं रोमन अक्षरांत. त्यातले निम्मे लोक टोपणनावाने लिहीत. हे ऐकून अण्णांनी मशीन थांबवलं. "म्हणजे खरं नाव घालायचं नाही? आणि चालतं?" मी म्हटलं, चालतं, कोण कुठला हे कुणाला कळतसुद्धा नाही. त्यांनी चाक उलटं फिरवून सुई वर घेतली. मग म्हणाले, "मग हसले तर त्या नावाला हसतील. मला काय." त्यांच्या तोंडावर असा उजेड मी पूर्वी पाहिला नव्हता. पण टोपणनाव हे शेवटी कापडच. ट्रायल घेतल्याशिवाय ते कसं घालणार?

मग सुरू झालं ते नावांचं पर्व. गिऱ्हाइकाच्या कापडाला मापाची चिठ्ठी टाचतात तशी अण्णा कापडाच्या तुकड्यावर नाव लिहून सदऱ्याच्या आतल्या बाजूला टाचत आणि आठ दिवस ते नाव अंगावर वागवत. घरात त्याच नावाने हाक मारायची, अशी अट. आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. अक्कांनी लग्नापासून नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांच्या घरात ते कुणी बाईने घ्यायचंच नाही. इथल्या कन्नड बायका म्हणतात तसं त्या 'री' म्हणून बोलवत, आणि बोळात 'री' म्हटलं की सहा नवरे माना वर करत. टोपणनाव हे काही नवऱ्याचं नाव नव्हे, हा निर्णय अक्कांनी स्वतःच्या अधिकारात देऊन टाकला, आणि चाळीस वर्षं कोंडलेला त्यांचा आवाज मोकळा सुटला.

पहिलं नाव होतं 'विरक्त'. सोमवारी सकाळी अक्का जिन्यावरून ओरडल्या, "विरक्त, दोसा गार होतोय." दोशावर लोणी नव्हतं. अण्णांनी विचारलं तर म्हणाल्या, "विरक्ताला लोणी कशाला?" बुधवारी भातावरचं तूप गेलं, शुक्रवारी कॉफीतली साखर, आणि शनिवारी अण्णांनी चिठ्ठी उसवली. मग आलं 'प्रभंजन'. त्या आठवड्यात ते जिना धाडधाड उतरत, दारं आपटत, आणि एका हेडमास्तरांच्या कोटाचं कापड त्यांनी तावातावाने विजारीच्या मापाने कापलं. 'मृदुल'च्या आठवड्यात एक बाई ब्लाउजला उशीर झाला म्हणून अर्धा तास बोलल्या आणि अण्णांना नावाखातर एक शब्द उलट बोलता येईना, घामाघूम होऊन वर आले आणि मला म्हणाले, "हे नाव काखेत फार दाटतंय." 'अनामिक' तर दुपारपर्यंतसुद्धा टिकलं नाही, कारण ज्याला नाव नाही त्याला जेवायला हाक कशी मारायची, असं म्हणून अक्का एकट्याच जेवून मोकळ्या झाल्या.

असं वर्ष गेलं. अक्का दर सोमवारी नव्या नावाची वाट बघत. पुढल्या उन्हाळ्यात 'दक्षिणवासी' हे नाव आठ दिवस टिकलं, आणि अण्णांनी एक बाही माझ्या हाती दिली. बोळातल्या नळावरच्या भांडणाची ती गोष्ट. "बघा," म्हणाले, "तुमच्यावर सोडलंय."

आणि मी काय केलं, तर टाइप करता करता ती सुधारली. वाईट हेतूने नव्हे. लोक हसू नयेत, या माणसाला पुन्हा पंगत भोगावी लागू नये, म्हणून 'स्वल्प'चं थोडं केलं, 'सरी'चं बरं केलं, वाक्यं उलटीपालटी करून सदाशिव पेठेत शोभतील अशी केली. यादीवर कौतुक झालं. 'काय स्वच्छ भाषा', 'अगदी पुण्याची आठवण आली' अशी पत्रं आली. मी ती छापून आणली, यादीवर पाठवलेल्या गोष्टीसकट, आणि दुकानात उभा राहून वाचून दाखवली. मला वाटलं, अण्णा उडी मारतील. ते मान खाली घालून ऐकत राहिले. संपल्यावर म्हणाले, "शर्ट झकास झालाय, तम्मा. माप माझं नाही."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुमचं चुकलं नाही," म्हणाले, "अंगावर बसत नाही म्हणून माणसालाच कापलं, एवढंच." आणि सदऱ्यातली चिठ्ठी उसवून चिंध्यांच्या डब्यात टाकली. मला आजही त्या दुपारची लाज वाटते. पुण्याच्या पंगतीत हसणारे निदान उघड तरी हसले होते.

त्यानंतर नावं बंद झाली. सोमवार येत आणि जात. अक्का पुन्हा 'री' म्हणू लागल्या आणि पुन्हा सहा नवरे माना वर करू लागले. अण्णा नमुन्यांच्या कोऱ्या बाजूवर हिशेबाने बाह्या आखत, लिहीत काहीच नसत. महिनाभराने एका सकाळी कंपनीची बस पकडायला मी निघालो तर अक्का जिन्यात उभ्या. पदराखाली गुंडाळलेला खाकी कागद. "हे घ्या," हळूच म्हणाल्या, "कपाटामागं होतं. सगळ्यात लांब होतं ते आणलं. हात लावू नका त्याला, आहे तसं घाला." अक्कांना फक्त कन्नड वाचता येई, त्यात काय लिहिलंय हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

"अण्णांना विचारलंत?"

"त्यांना विचारलं की ते परत चिठ्ठ्या टाचत बसतील."

"मग नाव काय घालू?"

अक्कांनी खाली दुकानाकडे पाहिलं. "माझं घाला. रेणुका. हसले तर मला हसू देत, मला काय वाचता येतंय?" मग जरा थांबून म्हणाल्या, "तुम्हाला सांगते तम्मा, ती नावं होती तेव्हा मला तोंड होतं. आता परत गेलं."

दुपारी कारखान्यात मी तो पँटचा पाय उलगडला. गोष्ट बसवनगुडीच्या शेंगांच्या जत्रेची होती. नवीन लग्न झालेलं. दोघं जत्रेला गेले आणि गर्दीत चुकामूक झाली. चोहीकडे भुईमुगाच्या शेंगांचे ढीग, माणसांचा समुद्र. बायको नवरा शोधतेय, पण त्याचं नाव घ्यायचं नाही. 'री' म्हणावं तर निम्मी जत्रा वळून बघतेय. शेवटी ती एका ढिगाऱ्यावर चढली आणि तिने स्वतःच्याच नावाने हाका मारायला सुरुवात केली. "रेणुका, रेणुका." कारण हे नाव ऐकून त्या सगळ्या गर्दीत एकच माणूस येणार होता. आणि अण्णांनी लिहिलं होतं की तो माणूस वीस पावलांवर एका झाडाआड उभाच होता. पहिल्या हाकेलाच त्याला ऐकू आलं होतं. पण गेला नाही. आपल्यासाठी कुणी एवढं ओरडतंय, हे त्याला अजून स्वल्प ऐकायचं होतं.

मी एक अक्षर बदललं नाही. 'स्वल्प'ला हात लावला नाही, 'सरी'ला लावला नाही. खाली लिहिलं, रेणुका, आणि पाठवून दिलं. नंतर चार दिवस मला घास गोड लागला नाही. दोन माणसांची अब्रू मी वेशीवर टांगली होती, एकाला न विचारता आणि दुसरीला आत काय आहे ते न सांगता.

उत्तरं आली. एकाने विचारलं होतं, हे कुठलं मराठी? त्याला मी काही सांगण्याआधीच दुसऱ्याने सुनावलं होतं, घरचं. कुणी लिहिलं होतं, 'रेणुकाताई, नवऱ्याच्या तोंडून स्वतःची गोष्ट सांगायची तुमची युक्ती फार आवडली.' आणि बर्फाच्या कुठल्याशा गावातून एका बाईंचं पत्र होतं: त्यांची आजी बंगळूरची, ती अशीच बोलायची, ती गेल्यापासून हे शब्द कानावर आले नव्हते, ऑफिसात बसून त्या रडल्या होत्या, आणखी लिहा म्हणत होत्या. हसलं कुणीच नव्हतं. म्हणजे हसले होते पुष्कळ, पण जिथे हसायला हवं तिथे.

ते कागद मी अण्णांपुढे ठेवले आणि सगळं कबूल केलं. त्यांनी चष्मा पुसला. आधी आपली गोष्ट वाचली, रोमन अक्षरांवर बोट ठेवून, एकेक शब्द मापत. मग पत्रं ऐकली. बाईंचं पत्र दोनदा वाचायला लावलं. डोळे पुसायला त्यांनी मापासाठी आलेला कुणाचा तरी धुतलेला सदरा घेतला. "माप बरोबर आहे," एवढंच म्हणाले. मग उठून वर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आपलं लिहिलेलं बायकोला वाचून दाखवलं. मी दारात उभा होतो. अक्का शेंगा सोलत ऐकत होत्या. स्वतःचं नाव आलं तेव्हा लाजून पदर तोंडाशी नेला. ढिगाऱ्यावर चढल्याचं आलं तेव्हा हसल्या. शेवट आला तेव्हा हातातली शेंग खाली ठेवली.

"म्हणजे तुम्हाला ऐकू येत होतं?"

अण्णा कागदाची घडी घालू लागले.

"एवढी वर्षं सांगता, गर्दीत ऐकू आलं नाही म्हणून. माझा घसा तीन दिवस बसला होता."

त्या दिवशी त्या घरात संध्याकाळची कॉफी कुणालाच मिळाली नाही. मला पण नाही.

पण सोमवारी अण्णांच्या सदऱ्याच्या आत नवी चिठ्ठी होती. मिशीवाला, साठी उलटलेला माणूस, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं 'रेणुका'. अक्कांना आता आपल्याच नावाने नवऱ्याला हाक मारायची होती. दोन दिवस त्यांना लाज वाटली आणि अण्णांना जेवायला आपणहून यावं लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी जिन्याच्या टोकावरून स्वच्छ, मोठ्या आवाजात हाक आली, "रेणुका." बोळातली बाकीची पाच डोकी खालीच राहिली. एकच वर झालं. आठ दिवस संपल्यावर अण्णांनी ती चिठ्ठी उसवली नाही. मशीनवर घालून चारी बाजूंनी पक्की शिवून टाकली.

पुढे वर्षभर दर पंधरवड्याला एक बाही किंवा पाय माझ्याबरोबर बोम्मसंद्र्याला जात असे, आणि रेणुकाताईंना चाहत्यांची पत्रं येत, त्यांत दोन हळदीकुंकवाची आमंत्रणंही होती. मग माझी बदली झाली. अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली, यादी केव्हाच बंद पडली, दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात असं ऐकतो. मला त्यांची फार आठवण येते. निघायच्या दिवशी मी दुकानात निरोप घ्यायला बसलो होतो. वरून अक्कांची हाक आली, "रेणुका, जेवायला." अण्णांनी मशीनवरचा पाय थांबवला, पण उठले नाहीत. मी म्हटलं, "अण्णा, अक्का बोलावतायत. ऐकू आलं नाही का?"

"आलं की," ते हळूच म्हणाले, "स्वल्प थांबा."

मग दुसरी हाक आली, आणि ते उठले.